बुजगावणं आणि बोलावणं

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत कोवळ्या गव्हावर कॅनडा हंसांचे थवे उतरू लागले, की शेतकरी एक साधा उपाय करतात. चार फुटी काठ्यांना काळ्या प्लॅस्टिकचे दोन-तीन फुटी तुकडे ठोकायचे आणि त्या काठ्या शेतभर रोवायच्या. वारा सुटला की तुकडे फडफडतात, हंस बिचकतात आणि दुसरं शेत शोधतात. त्याच राज्यांत मक्याची कापणी उरकली, की धसकटांमध्ये उताणं पडलेल्या शिकाऱ्याच्या हातातही एक काठी असते आणि तिलाही काळंच फडकं असतं. तो ते हलवतो आणि दीड-दोन किलोमीटरवरून आपल्या वाटेने चाललेला थवा वळून त्याच्या दिशेने येऊ लागतो.

कापड तेच, पक्षीही तोच. एका शेतात ते बुजगावणं ठरतं, दुसऱ्या शेतात बोलावणं. शेतकऱ्याचा तुकडा वाऱ्याच्या मर्जीवर, दिवसरात्र, एकाच जागी आणि एकाच उंचीवर फडफडत राहतो. शिकाऱ्याचं फडकं मात्र आकाशातल्या हंसाकडे बघून हलतं, थांबतं आणि पुन्हा हलतं. या हलण्या-थांबण्याची विद्या उत्तर अमेरिकेत ‘फ्लॅगिंग’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार रानहंसाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. पण माणसाने एखादं रानपाखरू किती बारकाईने वाचलं आहे हे बघायचं, तर या काळ्या फडक्यासारखं उदाहरण विरळा.

कॅनडा हंस हा देखणा आणि दणकट पक्षी. काळी मान, गालावर पांढरा पट्टा, तपकिरी अंग. मोठ्या उपजातीतला नर पाच-सहा किलोंचा भरतो आणि पंख पसरले की दीड मीटरहून जास्त जागा व्यापतो. एवढं वजन जमिनीवर सुखरूप उतरवणं सोपं नसतं. हंस वाऱ्याकडे तोंड करतो, पंख वाकवून ताठ धरतो, पाय खाली सोडतो आणि जमिनीला टेकण्याआधीच्या शेवटच्या काही क्षणांत पंख जोरजोरात मारून आपला वेग मोडतो. उंचावरून झटकन खाली यायचं असेल तर काही हंस क्षणभर अंग उलटं करून पंखांखालची हवा सांडूनही देतात. उतरल्यावर तरी तो कुठे स्वस्थ असतो? पंख ताणतो, झटकतो, दाण्यावरून शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो, मागची रांग पुढच्यांच्या डोक्यावरून उडी घेऊन पुढे सरकते. लांबून बघणाऱ्याला यातलं एकेक पाखरू दिसत नाही. दिसते ती जमिनीलगतची गडद लुकलुक. इथे आपल्यातलेच कुणी चरताहेत आणि आणखी कुणी उतरताहेत, एवढं त्या लुकलुकीतून आकाशातल्या थव्याला कळतं. काळं फडकं नक्कल करतं ती हिचीच.

हंसाची नजरही समजून घ्यायला हवी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. परड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅनडा हंसाच्या डोळ्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात असं आढळलं की तीक्ष्ण दृष्टी देणाऱ्या पेशींचा दाट पट्टा या पक्ष्याच्या नेत्रपटलावर तिरका पसरलेला असतो. त्यामुळे मान न हलवता तो एकाच वेळी जमिनीवरही आणि आकाशातही नीट बघू शकतो. अशा डोळ्यांना फसवायला हंसाचा नुसता रंगवलेला पुतळा पुरत नाही.

आणि पुतळ्यांचा खरा दोष वेगळाच आहे. चरणाऱ्या थव्यात बहुतेक माना खाली असतात आणि मोजके पहारेकरी मान ताठ करून उभे असतात. कोल्हा किंवा माणूस दिसला की एकेक करत सगळ्या माना वर होतात, चरणं थांबतं, सगळा थवा जागच्या जागी थिजतो आणि पुढच्याच क्षणी उडतो. म्हणजे हंसांच्या जगात निश्चल थवा ही धोक्याची खूण आहे. शिकारी पहाटे अंधारात येऊन दोनशे सुंदर प्लॅस्टिकचे हंस मांडतो आणि उजाडल्यावर वरून जाणाऱ्या प्रत्येक हंसाला त्या शेतात दोनशे घाबरलेले पक्षी दिसतात. म्हणून जाणते शिकारी चरणाऱ्या पवित्र्यातले पुतळे जास्त ठेवतात, मान वर केलेले अगदी थोडे, आणि त्या मांडणीत कुठे ना कुठे हालचाल आणतात. गावात पंगत बसलेली असावी, वाढपी वाढत असावेत, तर वाटसरूची पावलं आपोआप मंदावतात. मांडवात सगळेच श्वास रोखून एकाच दिशेला बघत बसले असतील तर तो आत पाऊल टाकणार नाही.

प्रत्यक्ष फडकं अगदी साधं असतं. हलकी दांडी, तिच्या टोकाला इंग्रजी ‘टी’सारखा आडवा दांडा किंवा पंखाच्या आकाराची चौकट आणि तिच्यावर काळं कापड. काही फडक्यांवर पांढरा किंवा करडा पट्टा शिवलेला असतो, कारण उडत्या हंसाच्या शेपटीपाशीही पांढरी कमान चमकते. थवा लांब असेल तेव्हा शिकारी उठून दांडी डोक्याच्या वर नेतो आणि मोठे, जोरकस हेलकावे देतो. एकाऐवजी दोघा-तिघांनी वेगवेगळ्या जागी हे केलं तर छोटा थवा उतरत असल्याचा भास होतो. थव्याने दिशा बदलली की सगळे पुन्हा आपापल्या आडोशात आडवे. त्यानंतर फडकं वरून खाली आणायचं, जमिनीजवळ दोन-चार झटपट फडफडी मारायच्या आणि ते जमिनीवर टेकवायचं. उतरणारा हंस शेवटी हेच करतो.

मग सगळ्यात अवघड भाग येतो: थांबणं. थवा सरळ अंगावर येत असताना फडकं हललं, तर तो तीक्ष्ण डोळा कापडाखालचा हात बघतो. म्हणून शिकाऱ्यांचा नियम असा, की हंसाची छाती दिसत असेल तर गप्प पडून राहायचं. पंखाचं टोक किंवा शेपूट दिसू लागली, थवा कलंडून निघून जाऊ लागला, की पुन्हा एकदा हळूच हलवायचं. तोंडाने किंवा शिट्टीने हाक घालण्यालाही हाच नियम लागू होतो. नवशिक्याचं फडकं थांबत नाही. त्याला वाटतं, हलवल्यामुळेच ते आले, तर आणखी हलवल्यावर आणखी जवळ येतील. थवा शंभर मीटरवर येऊन अचानक वर उसळतो आणि त्या दिवशी परत फिरकत नाही.

वाऱ्याचं गणितही सांभाळावं लागतं. हंस वाऱ्यात तोंड खुपसून उतरतो, म्हणून पुतळ्यांची मांडणी वाऱ्याच्या दिशेने केलेली असते आणि तिच्यामध्ये उतरायला मोकळं अंगण सोडलेलं असतं. फडकं बहुधा त्या अंगणाच्या कडेला, जिथे नवा पक्षी खरोखरच टेकला असता तिथे, हलवतात. हे सगळं तीसेक मीटरच्या पल्ल्यासाठी. त्याहून लांबच्या पक्ष्यावर छऱ्यांची बंदूक झाडली, तर तो जखमी होऊन दूर कुठेतरी पडण्याचा संभव फार. पक्ष्याला इतकं जवळ आणण्याचा खटाटोप म्हणूनच दयेचाही भाग आहे, असं जुने शिकारी मानतात, आणि ते बरोबर आहे.

फडक्याशिवायही हालचाल आणता येते. हलक्या टायव्हेक कापडाच्या पिशव्यांमध्ये वारा भरला की त्या डुलतात आणि लांबून चरणाऱ्या हंसासारख्या दिसतात. सपाट पत्र्याचे किंवा फळीचे, नुसत्या बाह्याकृतीचे पुतळे तर आणखी मजेचे. तो पुतळा स्वतः जराही हलत नाही, पण वरून घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला तो एका बाजूने पूर्ण दिसतो, कडेने बघताना नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. असे शंभर पुतळे वेगवेगळ्या कोनांत रोवले, की पक्ष्याच्या स्वतःच्या उडण्यामुळेच खालचा थवा हालता वाटतो.

माणसाने पाणपक्ष्यांना भुलवण्याचा उद्योग फार जुना आहे. नेव्हाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली उत्खनन करताना लव्हाळ्याची वळलेली, पिसं लावलेली आणि रंगवलेली बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कुणीतरी ती जपून गुंडाळून पुढच्या हंगामासाठी ठेवली होती आणि तो माणूस परत आला नाही. ती आता अमेरिकेच्या आदिवासी संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.

हालचालीने भुलवण्याची युक्ती मात्र माणसाने बहुधा कोल्ह्याकडून घेतली. पाण्याकाठी कोल्हा बागडू लागला, की बदकं पळून जाण्याऐवजी कुतूहलाने काठाकडे पोहत येतात, हे अनेकांनी बघितलं होतं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात यार्मथ परगण्यातल्या लिट्ल रिव्हर भागातल्या लोकांनी यासाठी एक कुत्राच घडवला. लालसर अंग, झुबकेदार शेपूट, कोल्ह्याइतकाच चपळ. शिकारी आडोशाला बसून काठी फेकत राहतो, कुत्रा किनाऱ्यावर धावत जाऊन ती आणत राहतो आणि पाण्यातली बदकं हा खेळ बघायला जवळ येतात. १९४५ साली कॅनडाच्या कुत्रा-संघाने या जातीला मान्यता दिली आणि १९९५ साली हा कुत्रा नोव्हा स्कोशियाचा प्रांतीय कुत्रा झाला.

मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला जे चाले, ते मात्र वाचताना आजही मन खट्टू होतं. तिथे तळ्याच्या काठी झाडपाल्याने झाकलेली कायमची मचाणं असत. पाण्यात लांबवर लाकडी पट्ट्यांचे प्रचंड आकाराचे हंस नांगरून ठेवलेले असत. काठावर जिवंत पाळीव हंसांची जोडपी बांधलेली असत आणि त्यांची उडती पिल्लं मागच्या बाजूला खुराड्यात कोंडलेली असत. जंगली थवा तळ्याच्या मध्यावर उतरला, की पिल्लं सोडायची. ती उडत पाण्यावर जायची, काठावरून आई-बाप साद घालायचे, पिल्लं त्या सादेकडे परतायची आणि त्यांच्यामागे जंगली थवा बंदुकांच्या टप्प्यात यायचा. यापेक्षा अस्सल हालचाल असू शकत नाही, कारण ती नक्कल नव्हतीच. एका कुटुंबाची ओढच तिथे आमिष म्हणून वापरली जात होती.

याच व्यवसायातून एल्मर क्रॉवेल हा कलावंत पुढे आला. केप कॉडवरच्या ईस्ट हार्विच गावचा हा माणूस आधी वेनम तळ्यावर शिकारीचा तळ सांभाळत असे. वर्षानुवर्षं जिवंत पाखरांना बघितलेल्या या माणसाने पुढे लाकडाचे पक्षी कोरले, ते असे की त्यांच्यात मान वळवण्याच्या आधीचा ताणही दिसतो. २००७ साली त्याच्या हातचा एक कॅनडा हंस आणि पिसं साफ करणारं एक सरगा बदक, असे दोन पक्षी प्रत्येकी अकरा लाख तीस हजार डॉलरना विकले गेले. पाण्यात नांगरण्यासाठी कोरलेल्या लाकडाला ही किंमत.

जिवंत आमिषाचा हा प्रकार १९३५ साली बंद झाला. १९३०च्या दशकातल्या भीषण दुष्काळाने प्रेअरीवरची डबकी आटली होती आणि बदकांची संख्या कोसळली होती. अमेरिकी सरकारने जिवंत पक्ष्यांचं आमिष आणि दाणे टाकून पक्षी गोळा करणं, दोन्हींवर बंदी घातली आणि बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायला मनाई केली. त्या काळात हे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या प्रमुखपदी जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग हा व्यंगचित्रकार होता आणि शिकाऱ्यांसाठी सक्तीचं पहिलं ‘डक स्टॅम्प’ १९३४ साली त्यानेच चितारलं. या तिकिटाचे पैसे आजही पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यासाठी जातात. जिवंत पिल्लं गेली आणि शिकाऱ्याला हालचाल स्वतःच्या हाताने निर्माण करावी लागली. तंत्राच्या दृष्टीने हे नुकसान म्हणता येईल. पण त्यातूनच पुन्हा पक्ष्याकडे टक लावून बघण्याची गरज निर्माण झाली.

ज्यांना ही गरज कुणी शिकवावी लागली नाही, ते लोक जेम्स बेच्या किनाऱ्यावर राहतात. हडसन उपसागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या या आखातावर क्री लोकांच्या वस्त्या आहेत: चिसासिबी, वेमिंडजी, ईस्टमेन, वास्कागनिश. एप्रिलच्या अखेरीस आणि मेमध्ये हंस उत्तरेकडे परततात तेव्हा इथल्या शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. तिचं नावच ‘गूज ब्रेक’. आजोबा-आजी, लेकरं, सगळी माणसं तळांवर मुक्कामाला जातात. जुन्या काळी इथला डिकॉय (भुलवण्याचा पुतळा) म्हणजे चिखलाचं ढेकूळ, बर्फाचा गोळा, टॅमरॅक झाडाच्या वळलेल्या काटक्या किंवा आधी मारलेल्या हंसाचं डोकं आणि पंख. टॅमरॅकच्या काटक्यांचे हंस आजही तिथे बनतात, आता बरेचसे विक्रीसाठी. साद घालायला शिट्टी लागत नाही. मुलं लहानपणापासून नुसत्या गळ्यातून हंसाचा आवाज काढायला शिकतात.

त्यांची खरी ताकद त्यांच्या संयमात आहे. प्रत्येक शिकारी टापूवर एक अनुभवी माणूस प्रमुख असतो आणि कधी, कुठे, कुणी बंदूक चालवायची हे तो ठरवतो. वारा पडलेल्या दिवशी शिकार करायची नाही, कारण शांत हवेत बंदुकीचा आवाज दूरवर जातो आणि पुढचे थवेही बिथरतात. अंधार पडल्यावर गोळी झाडायची नाही. एकाच जागी रोज जायचं नाही. जागांना विसावा द्यायचा. मानवशास्त्रज्ञ कॉलिन स्कॉट यांनी वेमिंडजीमध्ये आणि फिक्रेत बर्केस यांनी चिसासिबीमध्ये हे नियम तपशिलाने नोंदवले आहेत. या सगळ्या नियमांच्या मुळाशी एक पक्की समजूत आहे: हंस शिकतो. घाबरलेला थवा ती जागा लक्षात ठेवतो आणि पुढच्यांनाही तिच्यापासून दूर नेतो.

वेमिंडजीच्या लोकांनी तर जमिनीलाच कामाला लावलं. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यामुळे हा किनारा अजूनही वर उचलला जातो आहे, शतकाला साधारण एक मीटर. त्यामुळे दलदली कोरड्या पडतात, तिथे झुडपं आणि मग जंगल वाढतं आणि हंसांच्या उतरण्याच्या जागा नाहीशा होतात. क्री लोकांनी मातीचे बांध घालून पाणी अडवलं आणि किनाऱ्यावरच्या जंगलात लांबलचक पट्टे तोडून हंसांसाठी हवेतली वाट मोकळी केली. थव्याला बोलावण्याची याहून मोठी तयारी क्वचितच कुणी केली असेल. आणि मारलेला हंस वाया जात नाही. तो दोरीला टांगून शेकोटीच्या आचेवर गरगर फिरवत भाजतात. वाट्यात म्हाताऱ्यांचा मान पहिला.

या लोकांना कायद्याने मात्र दीर्घकाळ गुन्हेगार ठरवलं. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला. त्यात १० मार्च ते १ सप्टेंबर ही मुदत शिकारीला बंद ठेवली गेली. दक्षिणेतल्या शौकिनांना ती सोयीची होती. उत्तरेत मात्र हिवाळ्याच्या उपासानंतर हंस येतात ते नेमके याच काळात. १९७५च्या जेम्स बे करारात क्री लोकांचे शिकारीचे हक्क मान्य झाले आणि मूळ करारात वसंतातल्या शिकारीची दुरुस्ती करायला १९९५ साल उजाडावं लागलं. पक्ष्यांना वाचवण्याचा हेतू चांगलाच होता, पण ज्यांनी शतकानुशतकं ते पक्षी राखले त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, हे शल्य राहतंच.

हिमहंसांची गोष्ट उलट्या टोकाची आहे. हे पांढरे, काळ्या पंखटोकांचे हंस हजारोंच्या थव्याने हिंडतात आणि थोडक्या पुतळ्यांना दाद देत नाहीत. टेक्सासच्या किनारपट्टीवरच्या भातशेतांत शिकाऱ्यांनी यावर स्वस्त तोडगा काढला होता: पांढरी फडकी, वर्तमानपत्रं, लंगोट, जे हाती येईल ते शेकड्यांनी धसकटांवर अडकवायचं आणि स्वतः पांढरा अंगरखा घालून मधेच पडून राहायचं. वाऱ्यावर चिंध्या हलत आणि वरून तो चरणारा थवा दिसे.

भात आणि मक्याच्या खाद्यावर हिवाळा सुखाचा गेल्याने हे पक्षी पुढे अतोनात वाढले. मध्य खंडातल्या हिवाळी गणनेत १९७०च्या सुमारास आठ-नऊ लाख असलेला आकडा १९९०च्या दशकाअखेर तीस लाखांच्या घरात गेला. त्याचा भार उत्तरेतल्या दलदलींवर पडला. मॅनिटोबात चर्चिलजवळ ला पेरूझ बे इथे १९६८पासून संशोधक या हंसांचा अभ्यास करत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत गवताळ किनारा उघडा पडला. हंस गवत मुळासकट उपटतात, उघड्या जमिनीतून पाणी उडून जातं, मातीत मीठ साचतं आणि मग तिथे काहीच उगवत नाही. १९९९ साली अमेरिका आणि कॅनडाने वसंतातली विशेष शिकार खुली केली. अमेरिकेत हिमहंसांपुरते ध्वनिमुद्रित आवाज आणि तीनपेक्षा जास्त काडतुसं यांनाही परवानगी मिळाली. शेतांत मोटारीवर गोल फिरणारे उडते पुतळे आले, एका मांडणीत हजार-हजार डिकॉय येऊ लागले. तरीही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने दाखवलं, की एवढ्या खटाटोपाने प्रौढ हंसांच्या जगण्याच्या प्रमाणात अपेक्षित घट झाली नाही. वीस वर्षं जगू शकणारा हिमहंस एकदा चुकवलेला सापळा विसरत नाही. जाळ्यात सहज सापडतात ती एका वर्षाच्या आतली पिल्लं.

बॅटरीवर फिरणाऱ्या पंखांचं बदक हा या प्रवासातला आणखी एक टप्पा. पंखाची एक बाजू गडद, दुसरी फिकी. फिरताना जी उघडझाप होते ती उतरत्या बदकाची. १९९०च्या दशकाअखेर कॅलिफोर्नियातून हे यंत्र पसरलं. मिनेसोटा आणि मॅनिटोबात झालेल्या अभ्यासांत दिसलं, की त्याच्यामुळे मॅलार्ड बदकं जास्त जवळ येतात आणि जास्त मारली जातात. कॅलिफोर्नियाने हंगामाच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत त्यावर मनाई केली. वॉशिंग्टन राज्याने विजेवर चालणारे डिकॉय वर्ज्य केले. हंसांच्या बाबतीत मात्र अनेक शिकारी थवा दिसताच ते यंत्र बंद करतात, कारण न थांबणारी लुकलुक त्यांना बिचकवते. शेतकऱ्याचं बुजगावणंही न थांबताच फडफडत असतं. यंत्राला समोरचा पक्षी दिसत नाही. फडकं धरलेल्या माणसाला तो दिसतो, आणि त्या बघण्याला वेळ, थंडी आणि धीर लागतो. शिकार चालू ठेवायचीच असेल तर ती अवघड राहावी, या बाजूने झुकणारे नियमच योग्य वाटतात.

भुलवण्याची हीच विद्या वाचवण्यासाठीही वापरली गेली. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात किंग्जव्हिल इथे जॅक मायनर हा विटा-कौलांचा व्यवसाय करणारा पट्टीचा शिकारी राहत होता. १९०४ साली त्याने पंख छाटलेले सात हंस विकत आणून आपल्या तळ्यात सोडले, या आशेने की वरून जाणारे रानहंस त्यांना बघून उतरतील. शेजाऱ्यांना हे वेड वाटलं. चार वर्षं काही घडलं नाही. १९०८च्या वसंतात अकरा हंस उतरले आणि पुढच्या वर्षांत ती संख्या शेकड्यांत, मग हजारांत गेली. १९०९ साली त्याने एका बदकाच्या पायात पहिलं कडं घातलं. ते बदक पुढच्या जानेवारीत दक्षिण कॅरोलिनात मारलं गेलं आणि कडं परत आलं. नंतर त्याने कड्यांवर बायबलमधली वचनं कोरायला सुरुवात केली. हडसन उपसागराकडचे क्री आणि इन्युइट शिकारी ती कडी मिशनऱ्यांकडे आणून देत. अशा परतलेल्या कड्यांमधूनच हंसांचे आकाशमार्ग कळू लागले.

आज न्यू जर्सी किंवा टोरोंटोजवळच्या मिसिसागामध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हाच पक्षी बागेत, तळ्याकाठी, कचेरीच्या हिरवळीवर ठाण मांडून बसलेला दिसतो. त्यातले अनेक ज्या थोराड उपजातीचे वंशज आहेत, ती नामशेष झाल्याची अनेकांची समजूत होती. १९६२ साली मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावात, वीज केंद्राच्या गरम पाण्याने न गोठणाऱ्या सिल्व्हर लेक तळ्यावर, हॅरॉल्ड हॅन्सन या जीवशास्त्रज्ञाला ती पुन्हा सापडली. मग तिची जागोजाग पैदास झाली, इतकी की आता तिला हुसकवायला शहरं कुत्रे आणि लेसर वापरतात.

महाराष्ट्रातही सावजाला भुलवण्याची जाण नव्हती असं नाही. फासेपारधी पिंजऱ्यातला तितर रानात ठेवून त्याच्या हाकेवर दुसरे तितर फाशात घेत. गाय पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ सरकत. उत्तर अमेरिकेतही शिकारी गाईगुरांच्या आडून हंसांकडे सरकत आणि गाईच्या आकाराचे आडोसे तिथे आजही वापरतात. पारध्यांचं ज्ञान पोटासाठी होतं आणि इंग्रजांच्या कायद्याने त्यांनाही जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. साहेबांची आणि संस्थानिकांची शिकार निराळी. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्यात भुलवणं नव्हतं, पारख नव्हती, थांबणं तर नव्हतंच.

आपल्याकडे हिवाळ्यात येणारा हंस म्हणजे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा पक्षी हिमालय ओलांडून जायकवाडीच्या नाथसागरावर, उजनीवर आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या नांदूर मध्यमेश्वरला उतरतो. मंगोलियात मानेत क्रमांकाचं कडं घातलेले काही पट्टकादंब भारतात आढळले आहेत. ते क्रमांक वाचण्यासाठी पक्षी-अभ्यासक दुर्बीण लावून गाळाच्या काठी बसतात आणि त्यांना हंसाची तीच देहबोली कामी येते. सरळ थव्याकडे चालायचं नाही, तिरकं जायचं. उभ्याने हात हलवायचे नाहीत. एक-दोन माना वर असतील तर हरकत नाही, ते पहारेकरी. चरणं थांबून माना एकामागून एक उंचावू लागल्या, की आहे तिथेच बसून घ्यायचं, त्या पुन्हा चिखलात जाईपर्यंत. मग दुर्बिणीतून कड्यावरचं अक्षर आणि आकडे टिपायचे, ठिकाण आणि तारीख लिहायची आणि ती नोंद कडं घालणाऱ्यांकडे पाठवून द्यायची.